कोंडीबाकाकाच्या गाडीचं पाणी

मी आखाडा बाळापुरात आरओ पाण्याचे जार वाटते. नववीतून शाळा सोडली, तवापासून तीनचाकी चालवते. दर सोमवारी कोंडीबाकाकाच्या घरी एक जार टाकते. म्हातारा एकटा. पद्माकाकू जाऊन सहा वर्सं झाली, लेकरूबाळ न्हाई. जार उतरवला की काका तो गाडीसाठी ठेवतो अन् सोता बोअरचं पाणी पितो.

"काका, तुमी प्या की हे."

"माझ्या पोटात क्षार बसला तर बसू दे. हिच्या नळ्यात बसला की ही संपली."

ही म्हणजे चौसष्ट सालची काळी अँबेसिडर. आजूबाजूच्या गावांतल्या किती नवऱ्या काकानं तिच्यात नेल्या, त्यालाच म्हाईत न्हाई. आता लोकाला टपावर काच असलेली गाडी लागती. तीन वर्सं झाली, एक नवरी बसली न्हाई. पोरं येतात, फोटो काढतात, जातात. काका दिवसभर दार उघडं ठेवून बसतो.

एप्रिलमंदी गल्लीतली संगिताकाकू आली. "माझी पाठवणी तुमच्याच गाडीत झाली व्हती. माझी लेक मिना, तीबी हिच्यातच न्यायची, डोंगरकडा गावाला. तिकडंच लग्न हाय."

काकानं नुसती मान हलवली अन् मोरीत जाऊन तोंड धुवून आला.

मी सरळ बोलले, "मे महिन्याचं ऊन हाय. रस्त्यात उकळली तर परत कुणी विचारायचं न्हाई तुमाला."

"मला कळत न्हाई का गं, सरे?"

मग आमी कामाला लागलो. रेडिएटरमधलं जुनं पाणी सोडलं, चहावानी लाल निघालं. तीनदा धुतलं. निम्मं कूलंट, निम्मं आरओ पाणी भरलं. वरून मी नांदेडहून आणलेली छोटी बाटली ओतली.

"गाडीला टॉनिक पाजून राहिली का?"

"टॉनिकच समजा. इंजिनाची गरमी पाणी लवकर उचलतं यानं. पण नळ्या मोकळ्या पायजेत. आता यात दुसरं कायबी टाकायचं न्हाई."

औंढ्याला दोन चकरा मारल्या. गाडी तापली न्हाई. येताना काका सगळ्या रस्त्यानं गाडीशीच बोलला.

लग्नाच्या दिवशी गाडी हारांनी सजवली. मी मांडवाचे जार घेऊन मागं व्हते. निघताना विचारलं, "सगळं बराबर?"

"व्हय."

निम्म्या रस्त्यात बॉनेटमधून वाफ निघाली. मिना शालू सावरत बाभळीखाली उभी राहिली, तोंडावरची पावडर घामानं वघळून राहिली.

तिचा मामा म्हणला, "काका, हिला म्युझियममंदी ठेवा अन् तिकीट लावा!"

"गप बसा ना मामा," मिना म्हणली. "काका, तुमी या मागून, सावकाश."

अन् ती पाव्हण्यांच्या गाडीत बसून गेली. मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाई, तिचा काय दोष?

इंजिन थंड झाल्यावर मी फडकं धरून झाकण उघडलं. आत पिवळा गाळ.

"हळद टाकली?"

काका खाली बघून राहिला. "पहाटं गाडीखाली दोन थेंब दिसले. मूठभरच टाकली. आमी जन्मभर हेच केलं. गळती बसती तिनं."

"बसती, अन् नळ्याबी बुजून बसत्यात! मला फोन काहून न्हाई केला?"

"तू म्हणली असतीस, नेऊ नका."

म्हणलेच असते.

ओढून न्यायला ट्रॅक्टर बोलावते म्हणलं, तर न्हाई म्हणला. मग मी मांडवाचे जार उतरवले. एक, दोन, तीन, सगळे त्या रेडिएटरमंदी घातले. गाळ निघंपर्यंत धुतलं. लग्नात लोक पाण्यासाठी बोंबलले, मला फोनवर शिव्या पडल्या. पडू दे.

थांबत थांबत डोंगरकड्याला पोचलो तवा चार वाजून गेले व्हते. मांडवाचं कापड सुटून राहिलं व्हतं. कढई घासणारा माणूस म्हणला, "बाळापूरवाले तर गेले मघाशीच. तुमी कुणाला आणलं?"

काकानं मागच्या सीटकडं बघितलं.

"कुणाला न्हाई."

"मग जेवून घ्या. भात हाय थोडा."

"नको," काका म्हणला, अन् गाडी वळवायला लागला. मी त्याच्यापाशी बसले असते, पण माझी तीनचाकी कोण आणणार? म्हणून तो पुढं एकटा अन् मी मागं एकटी, असं आमी बाळापूरला आलो.