बिनसेलचे आठ दिवे

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. इथले भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी. टेलिफोनच्या तारा जोडण्यात माझी अख्खी नोकरी सरली. तारेत करंट असतो नाहीतर नसतो, तिसरं काही नसतं... असंच मानत आलो. पण टाळलं ते भीतीपोटी नाही. हे सांगायचं तर आधी माझं वागणं सांगावं लागतं.

नोकरी सोडल्यावर मी आणि भोईवाड्यातला मिलिंद जाधव ऑफिसांमधून नेटवर्कची वायरिंग करायचो. मी दादरचा, वयाने बराच मोठा, म्हणून तो काका म्हणायचा. परळला एका पॅथॉलॉजी लॅबचं काम मिळालं. खाली तपासणीची मशिनं, वरच्या मजल्यावर सर्व्हर.

या केबलमध्ये आठ तारा असतात – दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. वर धातूचं आवरण नसतं, पीळ हेच संरक्षण. आजूबाजूच्या विजेचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे रद्द होतो. मात्र कनेक्टरमध्ये, म्हणजे टोकाच्या प्लगमध्ये, तिसऱ्या आणि सहाव्या जागी एकाच जोडीच्या तारा लागतात. टेलिफोनमध्ये आम्ही जोडीशेजारी जोडी लावायचो. "काका, इथे हॅलो बोलून काम भागत नाही," मिलिंद चिडवायचा. तरी हाताने जुनंच केलं. मशिनांपासून सर्व्हरकडे जाणाऱ्या लाइनची दोन्ही टोकं मी चुकीची दाबली. जोडी फुटली, पिळाचं संरक्षण गेलं.

साध्या टेस्टरला ही चूक कळत नाही. त्याचे दोन भाग. सेल असलेला भाग मिलिंद वर लावायचा, बिनसेलचा माझ्याकडे खाली. तारा दोन्हीकडे एकाच क्रमाने असल्या की माझ्या हातातले आठ दिवे ओळीने लागायचे. मला कमी दिसतं म्हणून मिलिंद तो हळू चालवायचा. दिवे लागले, आम्ही काम संपवलं.

लॅब सुरू झाल्यावर लिफ्ट चालली की रिपोर्ट अडकायचे. मालकाने ठरवलं, मिलिंदने चांगली केबल बाहेर विकून हलकी टाकली. माझ्यावर संशय घ्यावा असं माझं आडनाव नव्हतं. एका रविवारी मी एकटा गेलो, टोक उघडलं आणि माझी चूक मला दिसली. दोन्ही टोकं नीट दाबली. मालकाला म्हणालो, "केबल बदलली."

झालं. मिलिंदवरचा आळ पक्का झाला. परळ-लालबागमध्ये त्याला कुणी काम देईना. एकदा रस्त्यात भेटला, म्हणाला, "काका, तुम्ही तरी बोला ना त्यांच्याशी." मी हो म्हटलं. बोललो नाही. पुढे अँटॉप हिलला एका सोसायटीत पंप चालवायचा. तिथेच हार्ट अटॅकने गेला.

नंतर लॅबही हलली. नव्या भाडेकरूने जुन्या लाइनी तपासायला मला बोलावलं. भर दुपार, जागा रिकामी. सवयीने आधी खालच्या सॉकेटला बिनसेलचा भाग लावला. आता वर जायचं...

तेवढ्यात दिवे लागले. एक, दोन, तीन – हळू, ओळीने, आठपर्यंत. पुन्हा पहिल्यापासून.

सेलचा भाग माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. बंद. मी त्यातला सेल काढून खिशात टाकला. दिवे चालूच. जिना चढून वर गेलो. तिथे कुणी नव्हतं. केबलचं टोक छताजवळ लोंबत होतं – कापलेलं, त्यावर कनेक्टरच नाही. खाली आलो तेव्हा दिवे विझलेले होते.

एका इंजिनियरला विचारलं. म्हणाला, शेजारच्या विजेच्या लाइनमुळे एखादा दिवा मिणमिणेल, आठ ओळीने लागणार नाहीत.

पुढच्या रविवारी मी भोईवाड्यात मिलिंदच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्याची बायको सुनंदा, तिने चहा ठेवला. मग समोर बसून हळूच म्हणाली, "काका, तुम्ही होता ना तिथे. ह्यांनी खरंच केबल बदलली होती का?"

त्याने काही केलं नव्हतं, चूक माझी होती, मला माफ कर – एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "आता नीटसं आठवत नाही गं."