मागणं बांगड्याचं, नजर पापलेटवर

हेमाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी नाहूरच्या घरी सातवीच्या वह्या तपासत होते. "हेमाताई गेली," एवढंच तो म्हणाला. आणि मी त्याला विचारलं, "कुठे?"... इतकी मी मठ्ठ. महिना उलटून गेला, तरी तो प्रश्न आठवला की शरमेने जीव अर्धा होतो.

हेमा स्वतः कथा लिहायची आणि आमच्या कथांची सालं काढायची. चारकोपच्या तिच्या दोन खोल्यांत दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहाजणी जमायचो. एकदा मी घर सोडून जाणाऱ्या बाईची कथा वाचली. समुद्र, संध्याकाळ, उसासे, सगळा मालमसाला घातला होता. हेमाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "छान गं. पण हिला पाहिजे काय?" मी म्हटलं, "तिला मुक्ती हवी आहे." ती हसत सुटली. "'हवी' नको बोलूस, 'पाहिजे' बोल. पोटातून पाहिजे असं काय? दुसरा पुरुष? स्वतःची शेगडी? दुपारची झोप?" मी आठवडाभर फुगून बसले. मग कथा पुन्हा लिहिली, त्यात बाईला घराची स्वतःची किल्ली पाहिजे होती. माझी छापून आलेली पहिली कथा तीच.

ही अक्कल तिला पुस्तकांतून आली नव्हती. तिची आई मढची कोळीण, उभा जन्म मासळीबाजारात गेला. शाळेला सुट्टी असली की हेमा तिच्या पाटीशेजारी बसायची. गिऱ्हाईक भाव विचारतं बांगड्याचा आणि नजर असते पापलेटवर, हे आईने तिला तिथे शिकवलं. "कथेतल्या माणसाचं तोंड ऐकू नकोस सुजाता, डोळे बघ," हेमा मला सांगायची. "जे पाहिजे ते माणूस मागतच नाही गं. लाजतो. भलतंच काहीतरी मागतो आणि तिथेच कथा सुरू होते." हे वाक्य मी नंतर दहा ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं, तिला माहीत होतं, तिने कधी बोलून दाखवलं नाही.

शेवटी शेवटी ती अंथरुणाला खिळली. आईचे गुडघे गेलेले, तिला चारकोपला येणं जमत नव्हतं. हेमाला प्रवास सोसणार नाही म्हणून तिला हलवायचा विषयही कोणी काढत नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा तिने विचारलं, "वर्सोव्याहून मढची बोट चालू आहे ना गं अजून?" म्हटलं, "चालू आहे की." थोड्या वेळाने म्हणाली, "गर्दी असते का?" म्हटलं, "असते थोडी सकाळी." मग पुन्हा, "मढला आता थंडी पडली असेल ना?"

"मुंबईत कसली आलीय थंडी, यार!" असं म्हणून मी पिशवीतून माझी नवी कथा काढली आणि वाचायला लागले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "झकास." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला काही विचारलं नाही, आणि मी बावळट खूश होऊन घरी आले. चौथ्या दिवशी तो फोन आला.

गेल्या रविवारी मी मढला जाऊन आले. आई भिंतीला धरत धरत मला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीखाली खाट होती, तिच्यावर धुतलेली चादर, उशाशी तांब्या-भांडं.

"दिवाळीपासून घातलीय," आई म्हणाली. "घरी यायचं बोलत होती. तुला नाय बोलली?"

"बोलली," मी म्हटलं. "तीनदा बोलली."

"मंग आणली का नाय गो?"

मी खाटेच्या कडेला बसले आणि हमसून हमसून रडले. आईने मला गप्प केलं नाही. माझ्या बसण्याने चुरगळलेली चादर ती हाताने सारखी करत राहिली.