दोघांच्या सहलीचं वेळापत्रक

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली. त्याआधी हैदराबाद बघायचं, आणि दोघांनीच. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. लग्नानंतरच्या देवदर्शनालासुद्धा आई, मावशी आणि मावशीची शेजारीण बरोबर होती.

मी हिंगोलीत शाळामास्तर. वेळापत्रक हा आमचा धंदाच. फोनवर अंतरं मोजली, बंद असण्याचे वार टाळले, जवळजवळची ठिकाणं एका वेळेत घातली आणि दोन दिवसांत अकरा ठिकाणं बसवली. तिनं चष्मा लावून कागद वाचला आणि विचारलं, "यात बसायचं कुठं हाय?"

मी पाच ठिकाणं खोडली. पहिला गेला राजवाडा. एवढी झुंबरं पुसतं कोण, याच विचारात तिचा अर्धा दिवस गेला असता.

आमच्याकडं गावाला निघताना जवळच्यांना सांगायचं असतं आणि 'तुमीबी चला' म्हणायचं असतं. हे निमंत्रण नव्हे, रीत. समोरच्यानं 'पुढच्या टायमाला बघू' म्हणून ती पुरी करायची. बायकोनं वसमतला माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला आणि रीतीप्रमाणं "तुमीबी चला की" म्हणाली. बहीण म्हणाली, "व्हय, येतो की. लेकरांना सुट्ट्याच हायेत."

बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन लेकरं धरून असे आम्ही सहाजण झालो. या सहलीसाठी बायकोनं पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस शिवला होता. तो बॅगेतून काढून तिनं कपाटात ठेवला आणि नेहमीच्या साड्या भरल्या.

मग मी कागद पुन्हा हातात घेतला. लेकरं बरोबर म्हणून प्राणिसंग्रहालय घातलं, बाजार घातला. पण दुसरी सकाळ सबंध गोवळकोंड्याला दिली. वर चढायला शेकड्यानं पायऱ्या आहेत, आणि माथ्यावर गेल्याशिवाय किल्ला बघितला असं होत नाही, हे बहिणीला मी तीनदा पटवलं.

किल्ल्याच्या दारात गाइडानं टाळी वाजवली. इथली टाळी वर माथ्यावर ऐकू जाते म्हणे, म्हणून बादशाह बेफिकीर झोपायचा. मला विशेष वाटलं नाही. आमच्या गल्लीत टाळी न वाजवताही सगळ्यांना कळतं.

पायऱ्या बघून बायको तिथंच थांबली. बहीण लगेच म्हणाली, "दादा, तुमी जावा वर. वहिनीपाशी मी थांबते."

एवढा प्रेमळ अडथळा मी हिशेबात धरलाच नव्हता. म्हणालो, "मी हा किल्ला तीस वर्षं फळ्यावर चढून राहिलोय. तू जा. लेकरांमागं पळणं मेहुण्यांना एकट्यांना जमायचं न्हाई."

तिनं एकदा माझ्याकडं, एकदा वहिनीकडं बघितलं. पर्स खांद्याला नीट अडकवली आणि लेकरांना म्हणाली, "चला रे. मामाला गुडघे न्हाईत, समजा."

ती चौघं पहिल्या वळणाआड गेली. आम्ही भिंतीच्या सावलीत दगडावर बसलो. बायकोनं चपला काढल्या, पाय लांब केले. पिशवीतून शेंगदाणे काढून निम्मे माझ्या हातावर ठेवले. बराच वेळ आम्ही येणारे-जाणारे बघत बसलो.

"हे तुमी ठरवून केलं ना?" तिनं विचारलं.

"दोन तास धरलेत," मी म्हणालो. "मेहुणे वाटेत बसले तर अडीच."

ती हसायला लागली. मग मीही हसलो, जरा मोठ्यानंच. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "वर ऐकू जाईल."