उष्टा न केलेला पेला

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एखाद्या वस्तूच्या रूपाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. पण तो पेला डोक्यातून जात नाही.

इथे डब्लिनमध्ये मी एका मराठी काकूंच्या बेसमेंटमध्ये राहतो. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, इथेच जन्मलेला. गेल्या सेमिस्टरला आम्ही दोघे मातीकामाच्या एकाच वर्गात होतो. तो प्रोफेसरबाईंना सरळ नावाने हाक मारायचा, ते मला खुपायचं. उन्हाळ्यात लाकूड जाळून भांडी भाजायच्या भट्टीवर काम करायला बाई एकालाच नेणार होत्या. मला ती जागा हवी होती. त्यालाही.

एक दिवस बाईंनी हाताने घडवलेला जपानी पेला आणला, साके म्हणजे तांदळाची दारू प्यायचा. त्यात पाणी ओतून म्हणाल्या, "पिऊन बघा, मग लिहा. सगळ्यात चांगलं लिहील तो भट्टीवर येईल."

मी तो बराच वेळ हातात धरून होतो. एका बाजूला राख वितळून हिरवट काच झाली होती, तिचा एक थेंब तळाशी येता येता थांबलेला. दुसरी बाजू विटेसारखी खरखरीत. कुंभाराच्या बोटाने पडलेल्या खळग्यात माझा अंगठा नेमका बसला. मग मी मान मागे टाकली आणि पाणी वरूनच तोंडात ओतलं.

बाईंनी पेला विसळून काकूंच्या मुलाला दिला. त्याने ओठ लावले, डोळे मिटले. "काठ सगळीकडे सारखा नाही," तो म्हणाला. "एका जागी थोडा जाड आहे, ओठ आपोआप तिथेच जातो."

बाईंचा चेहरा उजळला. मला हे का सुचलं नाही? सुचणार कुठून, काठ मला लागलाच नव्हता.

घरी येताना कारमध्ये त्याने विचारलं, "यार, तू वरून का प्यायलास?"

"उष्टं झालं असतं ना."

"उष्टं म्हणजे जर्म्स?"

"जर्म्स नाही रे. ओठ लागला की ती वस्तू तुझी झाली, मग दुसऱ्याला द्यायची नाही. माझं उष्टं फक्त आई खाते."

"कूल," म्हणाला आणि ड्राइव्ह करत राहिला.

मी लिहिलं ते सगळं रंगाबद्दल. नंतर वरच्या मजल्यावर त्याची पावलं वाजली की वाटायचं, याला कळलं असेल, काठाबद्दल माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं.

शेवटी काकूच जिन्यावरून बोलल्या, "अरे, ऐकलंस का, त्याला घेतलं भट्टीवर. लेखाला नाव काय दिलंय माहितीये? 'उष्टं'. मला स्पेलिंग विचारत होता."