तक्त्यातली शेवटची चौकट

हे मी लिहावं की नाही, याची अजून खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पुस्तकात छापून येतं तसं लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटत नाही, आणि ज्या लिखाणाबद्दल सांगणार आहे त्याच्यामुळे हात आणखीच थांबतो. पण बोलून हे मला एकदाही सांगता आलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी माफ करावं.

आम्ही हाटकेशच्या औद्योगिक वस्तीत राहतो. खाली लेथची दुकानं, वर खोल्या. पप्पा राज्याच्या परिवहन महामंडळात मेकॅनिक, खाडीपलीकडच्या एका आगारात. मराठवाड्यातून आले तेव्हा हेल्पर म्हणून लागले होते. या गोष्टीच्या वेळी त्यांना रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. खोली, माझं कॉलेज, बहिणीचं नर्सिंग, सगळं त्या दीड वर्षावर उभं होतं. कोणी तसं बोलून दाखवत नसे. फक्त काहीही ठरवायचं झालं की मम्मी म्हणायची, “पप्पा नीट रिटायर होऊ देत, मग बघू.”

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता: एखादी सार्वजनिक संस्था कशी चालते, तिचा पैसा कुठून येतो, कोण कोणाच्या हाताखाली असतं. मी महामंडळ घेतलं. घरातच माणूस आहे, सोपं जाईल, असा विचार केला.

वाचनालयात बसून मी अंदाजपत्रकं आणि अहवाल वाचले. जेवढं समजलं ते असं: मुख्य पैसा तिकिटाचा. म्हातारी माणसं, बायका, विद्यार्थी यांना सवलत द्यायची हे सरकार ठरवतं आणि त्या सवलतीची भरपाई महामंडळाला देतं, पण ती मागाहून, हप्त्याहप्त्याने येते. नव्या गाड्यांसाठी सरकार वेगळं भांडवल देतं. उलट प्रवाशांकडून घेतलेला कर महामंडळ सरकारला भरतं. आगाराचा गल्ला रोज बँकेत जातो आणि तिथून वर. सुट्या भागांची मागणी आगारातून विभागाच्या भांडारात जाते, आणि वर पैसा असला तर सामान खाली येतं.

मी मोठ्या कागदावर तक्ता काढला. सगळ्यात वर सरकार, मग संचालक मंडळ, मध्यवर्ती कार्यालय, प्रदेश, विभाग, आणि खाली आगार. पैशाचे बाण निळे, सामानाचे लाल. रविवारी पप्पांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो वरून खाली बोटाने वाचला. बोट आगार व्यवस्थापकाच्या चौकटीवर थांबलं.

“यात मी कुठंय रे?”

“आगार म्हटलं की तुम्ही त्यात आलातच ना पप्पा.”

“आलो व्हय,” ते म्हणाले, आणि हसून कागद माझ्याकडे सरकवला. “निळा बाण मातर बरोबर काढलास. लाल जरा बारीक काढ. लईच जाड झालाय.”

ते हसले, पण मला ते लागलं. त्यानंतर मी त्यांना विचारत गेलो आणि तेही सांगत गेले.

त्यांच्या आगारात कुंपणाला लागून एक गाडी कायम उभी असायची. इंजिन गेलेली. भांडारातून सामान आलं नाही की तिचा भाग काढून चालत्या गाडीला लावायचा. सगळे तिला मावशी म्हणत. “मावशीकडून आण,” म्हटलं की कोणी डायनॅमो आणायचा, कोणी आरसा. हे कुठल्याही सरकारी नोंदीत नसतं. पप्पा मात्र खिशातल्या वहीत लिहायचे: मावशीचं काय काढलं, कोणत्या गाडीला लावलं. सामान आलं की मावशीला परत द्यायचं म्हणून. ते येत नसे, आणि मावशी दर महिन्याला थोडी कमी होत होती. मी एकदा तिला बघितलं होतं. पुढचे दिवे काढलेले होते. तिच्याकडे फार वेळ बघवेना.

एका गाडीच्या स्प्रिंगपाट्याचा बुश, म्हणजे पाट्याच्या टोकात बसणारी धातूची नळी, मावशीकडेही उरला नव्हता. ती गाडी एका लांबच्या गावाला जायची, दिवसातून एकदाच. पप्पांनी झिजलेला बुश रुमालात बांधून आणला आणि आमच्या खालच्या लेथवर तसाच पितळी करून घेतला. मी सोबत होतो.

लेथवाला म्हणाला, “चाचा, गाड़ी सरकार की और जेब आपकी?”

“गाडी में आदमी लोग बैठता है ना, भाई.”

“तो सरकार को बोलो आके बैठे!”

दोघंही हसले. नंतर दर सोमवारी पप्पा त्या गाडीखाली सरपटत जाऊन तो बुश बघायचे. बाहेरून करून घेतलेला भाग लावणं नियमात बसत नाही, हे त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला त्यात फक्त अभिमान वाटला.

म्हणून मी ते केलं. पप्पा आंघोळीला गेले असताना खुंटीवरच्या शर्टातून वही काढली आणि दोन पानांचे फोटो घेतले. एकावर मावशी, एकावर बुश. खाली गाडीचा नंबर आणि पप्पांची सही. तक्त्यात आगाराखाली आणखी एक चौकट काढली. तिच्यात ‘मेकॅनिक’ लिहिलं. फोटो परिशिष्टात पुरावा म्हणून जोडले. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही.

सरांना प्रकल्प फार आवडला. त्यांनी तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवला. परीक्षकांत परिवहन खात्यातले एक निवृत्त अधिकारी होते. बक्षीस देताना ते माझा हात धरून म्हणाले, “अरे, हे वरच्यांनी वाचायला पाहिजे. मी पाठवतो.” ते मनापासून बोलत होते. मी त्यांच्या पाया पडलो.

घरी येऊन मी फक्त बक्षिसाचं सांगितलं. पप्पांनी पेढे वाटले, आगारातही नेले.

मग तीन महिने काही झालं नाही. नंतर एक दिवस पप्पा जेवताना म्हणाले की विभागातून दोन साहेब आले होते, मावशीचे फोटो काढून गेले. पुढच्या आठवड्यात मावशीच्या दाराला लाखेचं सील लागलं. मग ती लांबच्या गावाची गाडी मार्गावरून काढून आत आणून उभी केली. पप्पांचा डबा अर्धा परत यायला लागला. मम्मीने विचारलं तर म्हणाले, “भूक नाही.” माझ्याकडे ते बघत नव्हते, की मीच बघत नव्हतो, हे आता सांगता येत नाही.

पप्पांचे हेड मेकॅनिक उत्तनच्या कोळीवाड्यातले. सणावाराला आमच्याकडे सुके बोंबील घेऊन यायचे. एका संध्याकाळी ते रिकाम्या हाताने आले. पप्पा अजून यायचे होते.

“साहेबाकडं वहीच्या पानांचे फोटो हाय,” ते मला म्हणाले. “वही तर तुझ्या बापाच्या खिशात. मंग फोटो कोणी काढला? आमच्यातला कोण हाय, तेच कलत न्हाय. सगले एकमेकांकडं संशयानं बघतात.”

मी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला. “काका” एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाणी न पिता उठले.

त्या रात्री सांगायचं ठरवलं होतं. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी पप्पा लवकर गेले. आगारात त्यांच्या चौकशीची तारीख होती.

मी कॉलेजात गेलो. दुपारी जिन्यात असताना हेड मेकॅनिक काकांचा फोन आला.

“पप्पांना निलंबित केलाय,” ते म्हणाले. “बिनपरवानगी भाग लावला, आन् कार्यालयाची माहिती बाहेर दिली. दोन आरोप.”

“काका, माहिती त्यांनी नाही दिली. ते मी…”

“गप. मला कालच कललं. पन तुझ्या बापानं लिहून दिलाय. फोटो बाहेर कसे गेले, साहेबानं तीनदा विचारलं, तीनदा तोच बोलला: वही मीच पोराला दिली, फोटो मीच काढाया लावले. पोराचा काय दोष न्हाय, शिकायलंय ते.” काका थांबले. “सही करून आता पायीच निघालाय. घरी जा तू.”