मार्तंडरावांची वाळू

देवासच्या एका ओतकाम कारखान्यात मार्तंडराव शेलारांनी एकतीस वर्षं वाळू चोपली. कोल्हापूरहून आले तेव्हा ते बाविशीत होते. पंपांचे भाग ओतण्यासाठी वाळूचे साचे घालायचे, तेही हाताने, हे त्यांचं काम. पुढे साचे घालणारं यंत्र आलं आणि हाताने काम करणाऱ्यांना मुदतीआधीच निवृत्त केलं गेलं.

मग घरी बसून ते सकाळी देवीच्या टेकरीला फेरी मारत, दुपारी पेपर वाचत, संध्याकाळी फाटकाशी उभे राहत. कोणी विचारलं, "काय भिया, काय चाललंय?" तर "कुछ नी" म्हणून मोकळे होत. आपल्याला जे येतं ते आता कोणालाच नको, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

मुलगी अक्षदा धारला एका संस्थेत होती. संस्था गावोगाव पाणी अडवण्याची कामं करी आणि अक्षदा कॉम्प्युटरवर त्या गावांचे नकाशे बनवी. एका शनिवारी ती घरी आली आणि पिशवी कोपऱ्यात टाकून जेवायला बसली.

"काय झालं गं?"

"फजिती झाली, बाबा."

बदनावरजवळच्या एका गावात तळ्याची जागा ठरवायची होती. कागदावरचा नकाशा गावकऱ्यांना उमगत नसे, म्हणून संस्थेने एक नवी सोय केली होती. मोठ्या ट्रेमध्ये ओली वाळू घ्यायची आणि गावची जमीन जशी उंचसखल आहे तशी ती हाताने घडवायची. वर लावलेला कॅमेरा वाळूची उंची मोजतो, कॉम्प्युटर त्यावरून पाण्याची वाट काढतो आणि प्रोजेक्टर ती वाट निळ्या उजेडात त्याच वाळूवर दाखवतो. वाळू सरकवली की निळी रेघही सरकते. पण आपला माळवा सपाट. चढउतार डोळ्यांना दिसावेत म्हणून उंची पाचपट करावी लागे, आणि एवढे उभे चढ वाळू धरत नव्हती.

"लोक बघायला जमले आणि माझी टेकडीच बसली. सगळे हसले."

"वाळू कुठली घेतलीस?"

"बांधकामाची."

"आणि पाणी?"

"अंदाजाने."

मार्तंडराव जेवायचे थांबले. "अंदाजाने नाही चालत, अक्षू. मी येतो सोमवारी."

धारला जाताना त्यांनी बारीक चाळलेली पांढरी वाळू घेतली आणि वाळू धरून ठेवायला साच्यात घालतात ती चिकट बेंटोनाइट माती घेतली. कारखान्यात तिच्यात कोळशाची भुकटीही पडे. ती इथे वर्ज्य, कारण काळ्या वाळूवर रंग उमटला नसता. दोन दिवस ते कालवत बसले. मूठ आवळायची, उघडायची, गोळा मधोमध मोडायचा. कडा भुरभुरल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटलं तर जास्त. तिसऱ्या दिवशी गोळा स्वच्छ मोडला. त्यांनी थापीने उभा कडा कापून दाखवला. दुपार झाली तरी तो जागचा हलला नाही.

"बाबा, हे कुठल्याच पुस्तकात नाही," अक्षदा म्हणाली.

"असेलही. मी वाचलं नाही," ते म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

पुढच्या आठवड्यात गावच्या शाळेत टेबल मांडलं. मार्तंडरावांनी वाळू घडवली. मोजणीतल्या उंचीपेक्षा वाळू जिथे कमी पडे तिथे प्रोजेक्टर लाल दाखवी, जिथे जास्त होई तिथे हिरवा. दोन्ही रंग जाईपर्यंत ते थापत आणि खरवडत राहिले. मग अक्षदाने कॉम्प्युटरवर पाऊस सोडला. निळी रेघ टेकडीवरून उतरून नाल्याला मिळाली, आणि तिथेच तळं व्हावं असं तिने सांगितलं. ही जागा तिने महिनाभर खपून काढली होती.

मागे बसलेल्या राजाबाई उठून टेबलाशी आल्या. त्यांचं शेत टेकडीच्या पायथ्याशीच होतं. "बाई, पानी यां से नी जावे," त्या म्हणाल्या. "म्हारा खेत में भरे, हर साल."

"पर ढलान तो नाले की तरफ है, माँसाब," अक्षदा म्हणाली. "नाप यही बताता है."

"नाप कब को है?"

अक्षदाने तारीख पाहिली. मोजणी सहा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर गावात पक्की सडक झाली होती, भराव घालून उंच केलेली. ती वाळूत नव्हतीच. अक्षदाचा चेहरा उतरला.

मार्तंडरावांनी ओली वाळू राजाबाईंच्या हातावर ठेवली. "सडक कहाँ से जाती है, बताइए."

राजाबाईंनी आधी एक बोट टेकवलं, मग तळहाताने बांध ओढला. मार्तंडरावांनी तो थापीने सारखा केला. अक्षदाने पुन्हा पाऊस सोडला. पाणी सडकेपाशी अडलं, वळलं, आणि राजाबाईंच्या शेतावर निळं पसरलं. मग सगळे एकदमच बोलू लागले. कोणाला सडकेखाली मोरी हवी होती, कोणाला पाणी वरच अडवायचं होतं. दोन तास गावाने वाळूत हात घातले आणि प्रत्येकाचं म्हणणं पाण्याने तिथल्या तिथे तपासून दिलं. शेवटी तळ्याची जागा टेकडीच्या कुशीत वर सरकली आणि सडकेखाली एक मोरी ठरली.

परतताना जीपमध्ये अक्षदाने आपला नकाशा पुन्हा उघडला. मग म्हणाली, "मी तिथेच खोदायला लावलं असतं, बाबा."

"साच्यात रस ओतण्याआधी चूक सापडली तर ती चूक नसते," मार्तंडराव म्हणाले. "साचा पुन्हा घालायचा."

उन्हाळ्यात तळं खणलं गेलं. पुढच्या पौषात बापलेक बघायला गेले तेव्हा त्यात कमरेएवढं पाणी होतं, आणि राजाबाईंनी शेतात लसूण लावला होता. मार्तंडराव आता आठवड्यातले तीन दिवस धारला असतात. पाच गावांनी बोलावणं धाडलंय. एवढ्या वाळूला दोन हात पुरत नाहीत, म्हणून त्यांनी कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, मानाजीला, फोन लावला.

"वाळूचं काम आहे," ते म्हणाले. "येतोस?"

"कुठला साचा?" मानाजीने विचारलं.

"गावाचा," मार्तंडराव म्हणाले, आणि त्याला बसची वेळ सांगितली.