हिरव्या दगडांची पांढरी रांगोळी

दारातल्या रांगोळीचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं आजही फिरतं. इतकी वर्षं झाली, राग काही जिरलेला नाही. आणि जिरवायचाही नाही मला.

बहात्तरच्या दुष्काळात संगमनेरशेजारच्या अकोले तालुक्यातल्या आमच्या गावामागे डोंगरात सरकारने रस्त्याचं काम काढलं. सुरुंग लावून कडा फोडायचा आणि गावाने बसून त्याची खडी करायची. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. आईबरोबर खडी फोडायला जायचे. काळा दगड फुटला की कधी कधी आत पोकळी निघायची आणि तिच्यात स्फटिक दाटीने बसलेले असायचे. बहुतेक पांढरे, पंख्यासारखे उलगडलेले. क्वचित हिरवट, खडीसाखरेसारखे आरपार दिसणारे. दुपारी बाकीचे बाभळीखाली आडवे व्हायचे आणि मी कडा चाचपत फिरायचे. बायका म्हणायच्या, "हिला ऊन लागलंय." लागू दे.

शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी ते दगड पाहिले आणि वडिलांना म्हणाले, "संगमनेरला कॉलेजात दाखवू. तिथले प्राध्यापक हिला शिकायला सांगतील, बघा." वडिलांनी मान डोलावली. "त्यांनी दगडं बघून तसं सांगितलं, तर शिकवीन," म्हणाले. धान्याची कणगी त्या वर्षी रिकामीच होती. तिच्यात चिंध्यांत गुंडाळून मी सगळे दगड ठेवले आणि कॉलेज उघडायची वाट बघत बसले.

त्याआधीच मामाने स्थळ आणलं. नकार द्यायचा असं मनाशी घोकत मी सकाळी पाण्याला गेले. परत येते तर अंगणात उखळीचा आवाज. कुटायला घरात दाणा नव्हता. आई आणि चुलती घाम पुसत माझे दगड कुटत होत्या.

कळशी हातातून सुटली. पाणी सांडलं म्हणून आईच माझ्यावर ओरडली.

"माझे दगड आहेत ते!"

"तुजे? डोंगर सरकारी, दगडं तुजी कशी?" आई म्हणाली. "रांगुळीवाली यंदा फिरकली न्हाई. शिरगोळ्याचे पांढरे दगड कुटून आपुन रांगुळी करतोच की. पावन्यांपुढं काय राख टाकू? डोंगर कुटं पळतोय, आन दुसरी."

चुलती म्हणाली, "ते हिरवं मुद्दाम येगळं कुटलं, पानांसाटी. पर मेलं पांढरंच निगालं!" हे ती माझ्याकडे तक्रार करत होती. माझ्याकडे! ते मुसळ भिरकावून द्यावं असं वाटलं मला.

वाडगं माझ्याच हातात आलं. मुलीने काढायची असते ना! दातओठ खात मी रांगोळी काढली. ऊन वर आलं आणि अख्खं अंगण चमकायला लागलं. मुलाची आई दारातच थांबली. लुगडं सावरून रांगोळीला वळसा घालत आत आली आणि म्हणाली, "पोरीच्या हाताला गुण हाय." मला दुसरं काही विचारलंच नाही. चहा व्हायच्या आत लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी वडिलांना त्यांच्या शब्दाची आठवण दिली. ते रागावले असते तर भांडता आलं असतं. अंगणाकडे हात करून ते शांतपणे म्हणाले, "आता दाखवायला दगडं कुटं हायेत, बाय?"

दुसऱ्या दिवशी मी डोंगरावर गेले. माझा कडा खडी होऊन रस्त्यावर पसरला होता.

सासरी पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी रांगोळीचं वाडगं पुढे केलं. "त्या दिसासारखी काड." मी ते उंबऱ्यावर ठेवलं आणि आत निघून गेले. त्यानंतर या दारात माझ्या हातची रांगोळी कधी पडली नाही. सासूबाई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हाताला गुण हाय म्हनून आनली, आन हिला साधी रांगुळी काडता येत न्हाई."